दोष टेस्टरमध्ये

ते कारखान्यातल्या प्रत्येक माणसाला 'तुम्ही' म्हणत आणि प्रत्येक ट्रान्सफॉर्मरला 'तू'. झाडलोट करणाऱ्या मावशींपासून मालकांपर्यंत सगळे 'तुम्ही'. पण तेलाने भरलेला, चौघांनी ढकलला तरी हलणार नाही असा ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आला की त्याच्याभोवती एक फेरी मारून ते म्हणत, "आलास का? बस. घाई नाही." नवीन माणूस पहिल्यांदा हे ऐकायचा तेव्हा मागे वळून बघायचा, हे कोणाशी बोलतायत म्हणून.

आमचा कारखाना नगरजवळ नागापूरला, एमआयडीसीत. गावोगावच्या डीपीवर बसतात तसले ट्रान्सफॉर्मर आम्ही बनवतो. मी क्वालिटीला लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि ते पन्नाशी ओलांडलेले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते आणि दुसऱ्याचं वाक्य मध्येच थांबवून दुरुस्त करायची वडिलांची सवय तेवढी यांच्याकडे आली होती. 'लाईट गेली' असं कोणी म्हटलं की हे म्हणणार, दिवा जागेवरच आहे, गेला तो सप्लाय. शिक्षण आयटीआय. पण टेस्टिंगमधून त्यांच्या सहीशिवाय काही बाहेर पडत नसे. आधी त्यांची सही, मग माझी, मग गाडी.

माझ्याकडे पदवी होती, तीही फर्स्ट क्लासची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, चुंबकाच्या रेषा कुठे सुरू होतात? मी म्हटलं, उत्तर ध्रुवापाशी. आणि संपतात कुठे? दक्षिण ध्रुवापाशी. पुस्तकात असंच चित्र असतं. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, मग दक्षिण ध्रुवाच्या आत गेल्यावर त्यांचं काय होतं? मी पुस्तकातलं चित्र आठवत राहिले. ते म्हणाले, "रेषा सुरू होत नाही आणि संपतही नाही. आतून फिरून परत येते. संपली असं वाटलं तर समजायचं, आपण बघायचं थांबलो."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना, म्हणून जाऊन विचारलं की मग ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडातून सगळ्याच रेषा जातात, की काही बाहेर भटकतात? त्यांनी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, आता बसा.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक होकायंत्र असे, जुनं पितळी, काचेला चरा गेलेलं. सकाळी आल्यावर ते टेबलावर ठेवायचं, सुई स्थिर होईपर्यंत उभं राहायचं, मग डबा कपाटात ठेवायचा. एकदा सुई स्थिर झाली तरी ते हलेनात. मग सरळ भिंतीपलीकडच्या ऑफिसात गेले आणि तिथल्या क्लार्कना विचारलं की तुम्ही लोखंडी कपाट कधी हलवलंत? त्यांनी ते आदल्या दिवशी संध्याकाळी भिंतीला टेकवलं होतं. कपाट परत जुन्या जागी जाईपर्यंत मास्तर टेस्टिंग सुरू करेनात. सुई चार अंश सरकली होती. त्या चार अंशांनी आमच्या कुठल्याही टेस्टमध्ये केसाएवढाही फरक पडत नाही, हे मी त्यांना गणित करून दाखवलं. त्यांनी गणित तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि कपाट हलवायला लावलंच.

अशा माणसाबरोबर काम करणं सोपं नसतं. पाठवणीची गाडी दारात उभी असली की लोक त्यांच्या वाटेलाही जात नसत. लग्नाकार्याला ते आले तर जेवणाच्या पंगतीत सापडायचे नाहीत. मांडवामागे जनरेटरपाशी, तो चालवणाऱ्या माणसाला काहीतरी समजावत उभे असायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, याचं काही वाटेनासं झालं होतं. त्या आपलं ताट वाढून घ्यायच्या आणि एक ताट झाकून ठेवायच्या.

आणखी एक गोष्ट त्यांच्याकडे होती, सागाची काठी. चार फुटी, सुताराकडून गोल करून घेतलेली, एका टोकाला बटाट्याएवढा गोळा. टेस्टिंगच्या जागेभोवती जाळी आहे. आत सप्लाय चालू असताना जाळीपलीकडे कोणी जायचं नाही हा नियम. मास्तर बाहेरूनच जाळीच्या फटीतून काठी आत घालत, एक टोक टाकीला टेकवत आणि गोळ्याला उजवा कान लावून डोळे मिटत. ट्रान्सफॉर्मरच्या आत पातळ पत्र्यांची थप्पी असते, तिला आम्ही कोअर म्हणतो. चुंबकाचा जोर वरखाली होईल तसे ते पत्रे सेकंदाला शंभर वेळा ताणले जातात आणि सैल होतात. त्याचीच ती घूं अशी घुमघूम, जी डीपीखालून जाताना आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. मास्तरांना त्या घुमघुमीतून कळायचं की थप्पी घट्ट आहे की एखादा बोल्ट ढिला राहिलाय. मीटरवर दिसायच्या आधी कळायचं. मी असताना त्यांनी असे सात ट्रान्सफॉर्मर परत उघडायला लावले आणि सातही वेळा आत काहीतरी निघालं.

कोअरची थप्पी लावायचं काम बायकांकडे आहे. पत्रा पातळ, कडा धारदार, आणि दोन पत्र्यांमध्ये कागदाएवढीही फट राहता कामा नये. त्यात सगळ्यांत जुन्या लताबाई. त्या माहेरच्या घोडेगावकडच्या, दहावी झालेल्या, लग्न होऊन नगरला आलेल्या आणि नवरा गेल्यावर कारखान्यात लागलेल्या. बोलायला कमी, पण प्रश्न अचूक.

एकदा जेवणाच्या सुट्टीत या बायकांनी मास्तरांना विचारलं की फ्लक्स फ्लक्स तुम्ही म्हणता ते नक्की असतं तरी काय? मास्तरांनी लताबाईंच्या हातातली एक बांगडी मागून घेतली आणि सगळ्यांना हात धुवायच्या नळापाशी नेलं. नळ सोडून बांगडी धारेखाली आडवी धरली. सगळी धार बांगडीतून गेली. मग त्यांनी बांगडी उभी केली. धार दोन्ही बाजूंनी ओघळली, आतून काही जाईना. ते म्हणाले, धार तीच, बांगडी तीच, पण बांगडीतून किती गेलं ते बदललं. बांगडीतून जेवढं जातं तेवढा फ्लक्स. बांगडी म्हणजे तुमच्या शेजारच्या खात्यातल्या तारेचा एक वेढा.

लताबाईंनी विचारलं, "मग मास्तर, धार तर सारखी चालूच हाय. करंट का न्हाई येत?"

मी मास्तरांना इतकं खूश झालेलं क्वचितच बघितलं. त्यांनी नळ कमीजास्त करायला सुरुवात केली आणि म्हणाले, "सारखी आहे म्हणूनच येत नाही. बदलत राहिली तर येईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले की हा प्रश्न तुमच्या कॉलेजात किती जणांनी विचारला होता? मी खरं ते सांगितलं. कोणीच नाही.

या लताबाईंच्या भावाला गाय घ्यायची होती. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात जायचं ठरलं आणि बहिणीने मास्तरांना बरोबर यायची गळ घातली. कारण असं की आमच्याकडच्या तारांच्या तुकड्यांची मास्तरांना फार धास्ती होती. चाऱ्याबरोबर गाय तार किंवा खिळा गिळते, तो पोटातून पुढे सरकतो आणि काळजाला टोचतो. गाय खंगत जाते, मालकाला कारण कळत नाही. म्हणून जनावरांचे डॉक्टर गायीला बोटाएवढं लोहचुंबक गिळायला देतात. ते पोटाच्या एका कप्प्यात जन्मभर पडून राहतं आणि लोखंड धरून ठेवतं. मास्तरांनी हे एका डॉक्टरांकडून ऐकलं तेव्हापासून आसपासच्या वस्तीवर जाऊन ते लोकांना हेच सांगायचे. काही लोकांना वाटायचं, म्हातारा चुंबक विकतो.

मीही त्या दिवशी गेले, नुसतं बघायला. भावाला एक काळीपांढरी गाय पसंत पडली. दात बघून झाले, कास बघून झाली. मास्तरांनी होकायंत्र काढलं आणि गायीच्या डाव्या पुढच्या पायामागे, कोपराजवळ, छातीच्या खालच्या अंगाला धरलं. सुई फिरली. त्यांनी होकायंत्र लांब नेलं, सुई परत उत्तरेला. जवळ आणलं, परत फिरली. तोवर भोवती पंधरावीस माणसं जमली होती. गायीचा मालक कावराबावरा झाला. कोणीतरी म्हणालं, गायीत खोट हाय. भाऊ दोर सोडून मागे सरकला.

मास्तरांनी मालकाला शांतपणे विचारलं की पोटात चुंबक आहे ना? तो बिचारा म्हणाला, "व्हय. डॉक्टरांनी घातलंय. दोन वर्सं झाली. मी लपवलं न्हाई, कुनी इचारलंच न्हाई."

मास्तर भावाकडे वळले. "हीच घ्या," ते म्हणाले. "गाय आजारी नव्हती तेव्हा ज्याने डॉक्टर बोलावला, त्याच्या गोठ्यातली गाय आहे ही."

ती गाय त्याने घेतली. लताबाई अजून तिच्या वासरांच्या बातम्या सांगत असतात.

हे सगळं मी यासाठी सांगितलं की पुढे जे झालं ते कोणत्या दोन माणसांमध्ये झालं हे कळावं.

पाथर्डीकडच्या एका लहान रुग्णालयाने बाळंतिणींसाठी नवीन इमारत बांधली होती. इमारत तयार, खाटा आल्या, ट्रान्सफॉर्मर तेवढा आमच्याकडून जायचा होता. त्यांचे डॉक्टर रोज फोन करायचे. ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आला, सगळे मीटर व्यवस्थित बोलले, आणि मास्तरांनी काठी काढून मान हलवली. आवाज बरोबर नाही म्हणाले. कोअर सैल आहे.

कोअर लताबाईंची होती. त्यांना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मास्तर, माझ्या हातचं हाय ते. सैल न्हाई." मास्तर म्हणाले, मीटर चुकतो, माणूस चुकतो, आवाज चुकत नाही. लताबाई पुन्हा म्हणाल्या, सैल न्हाई. एवढंच. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही. मास्तरांना असं दोनदा कोणी नाही म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

ट्रान्सफॉर्मर उघडला. तेल काढलं, टाकी काढली, कोअर बाहेर घेतली. लताबाईंनी त्यांच्या देखत प्रत्येक बोल्ट तपासला, पत्र्यांच्या कडा बोटांनी चाचपल्या. काही निघालं नाही. मास्तरांनी वरची बांधणी सोडून परत करायला लावली. त्यात दुसरा दिवस गेला. त्या दोन दिवसांत लताबाई डबा घेऊन एकट्याच बसल्या. बाकीच्या बायका मास्तरांशी बोलेनाशा झाल्या, आणि मास्तरांना ते कळत असूनही ते वाकले नाहीत.

साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मीटर बरोबर आहेत, तुमची सही करा, मास्तरांचं मी बघतो. मी केली नाही. यात माझं काही धैर्य नव्हतं. त्यांच्या आधी सही करायची माझ्या हाताला सवयच नव्हती. पण मनात मला वाटत होतं की साहेबांचं बरोबर आहे. पाथर्डीला बाया अंधारात बाळंत होतायत आणि आम्ही एका म्हाताऱ्याच्या कानासाठी थांबलोय.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रान्सफॉर्मर परत बांधून जाळीत आला. मी पॅनेलपाशी उभी राहिले. मास्तरांनी नेहमीसारखा हात वर केला, म्हणजे चालू करा. मी बटण दाबलं. पॅनेल चालूच झालं नाही. जाळीचं दार नीट बसलं नसेल तर सप्लाय येत नाही, अशी सोय आहे. दाराची कडी अर्धीच लागली होती. ते सांगायला मी वळले, तर मास्तरांनी काठी टाकीला टेकवली होती, गोळ्याला कान लावला होता आणि डोळे मिटले होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तेच," ते म्हणाले. "ऐका. तेच आहे अजून."

मी पॅनेलवरचा दिवा परत बघितला. बंद होता. मीटरचे काटे शून्यावर होते. ट्रान्सफॉर्मर दगडासारखा गप्प होता आणि मास्तर त्यातली घुमघूम ऐकत होते.

मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. तेवढ्यात गुपचूप जाऊन दाराची कडी लावावी आणि बटण दाबावं, असं माझ्या मनात येऊन गेलं. कोणालाच कळलं नसतं. त्यांनाही नाही. मग म्हटलं, "सर, सप्लाय बंद आहे."

त्यांनी डोळे उघडले. दिव्याकडे बघितलं, मग काट्यांकडे. "कधीपासून?"

"चालूच झाला नव्हता."

त्यांनी काठी हळूच बाहेर काढली आणि भिंतीला टेकवली. मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा मान्य करणार नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे लताबाई बरोबर होत्या."

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कोणी केलं असतं असं मला वाटत नाही. त्यांनी कडी लावली, पॅनेलकडे पाठ करून उभे राहिले, काठी परत टाकीला लावली आणि मला सांगितलं की तुमच्या मनाला येईल तसं चालू-बंद करा, सांगू नका, दहा वेळा. मी सांगेन ते लिहून घ्या. उजव्या कानाने दहाही वेळा त्यांनी 'चालू' सांगितलं. त्यात पाच वेळा बंद होता. मग त्यांनी काठी डाव्या कानाला लावली. दहाच्या दहा बरोबर. पण डाव्या कानाने त्यांना मी बोललेलंही नीट ऐकू येत होतं, आणि उजव्या बाजूने मी हळू बोलले तर नाही, हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. गेले कित्येक महिने ते माझ्या उजवीकडे यायचे, डावा कान माझ्याकडे करून. मला वाटायचं, सवय असेल.

पूर्ण टेस्ट परत घेतली, सगळे मीटर बरोबर आले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि त्यांच्या त्या शाळामास्तरी अक्षरात लिहिलं: 'ट्रान्सफॉर्मर निर्दोष. दोष टेस्टरमध्ये.' खाली सही केली आणि रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी त्यांच्या सहीखाली सही केली.

मग ते कोअर खात्यात गेले. बायका काम थांबवून बघायला लागल्या. मास्तर लताबाईंच्या पुढे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लताबाई, तुमचे पत्रे घट्ट होते. मी तुम्हाला दोन दिवस विनाकारण त्रास दिला. माझी चूक झाली."

लताबाई कसनुशा झाल्या. हातमोजे काढत म्हणाल्या, "जाऊ द्या मास्तर. पन कान दाखवून या आधी."

ट्रान्सफॉर्मर त्याच दुपारी पाथर्डीला गेला.

कान दाखवला. डॉक्टर म्हणाले, एकाच कानाचं ऐकणं कमी होणं आणि त्यातच असा आवाज येणं, हे नसेमुळे असू शकतं, एमआरआय करा. काकू घाबरल्या आणि मला बरोबर बोलावलं. मास्तर मात्र लग्नाला निघाल्यासारखे. बिनचेनचा, बिनबटणाचा लेंगा त्यांनी मुद्दाम शिवून घेतला होता. एमआरआय म्हणजे काय, तर माणूस आत झोपू शकेल एवढं चुंबक. तिथल्या तंत्रज्ञाला त्यांनी आल्याआल्या विचारलं, किती टेस्लाचं? दीड, तो म्हणाला. मास्तरांनी मला सांगितलं की हा जोर पृथ्वीच्या चुंबकाच्या तीस-पस्तीस हजार पट. जन्मभर ज्याचे भाऊबंद हाताळले त्यातल्या सगळ्यांत मोठ्याच्या आत आज आपण जाणार. बाहेरच्या बाकावर त्यांनी होकायंत्र काढलं. सुई उत्तर सोडून बंद दाराकडे बघत होती. ते जागा बदलून तीनदा बसले, सुई तीनदा दाराकडेच.

काकूंनी फॉर्म भरला. शरीरात कुठे धातू आहे का? काकूंनी 'नाही'वर खूण केली. मास्तरांनी सहीपूर्वी फॉर्म वाचला, कारण न वाचता त्यांनी आयुष्यात कशावरही सही केली नव्हती. आणि त्यांचं पेन थांबलं.

तीस वर्षांपूर्वी ग्राइंडरवर काम करताना त्यांच्या डोळ्यात ठिणगी गेली होती. डॉक्टरांनी डोळा धुतला होता आणि सगळं निघालं म्हणून सांगितलं होतं. काकू म्हणाल्या, त्याला आता तीस वर्षं झाली. तंत्रज्ञही म्हणाला की काका, एवढ्या वर्षांत काही झालं नाही म्हणजे काही नसणार. मास्तरांनी खूण खोडली आणि 'माहीत नाही' असं लिहिलं. "निघालं असं मला सांगितलं गेलं," ते म्हणाले. "मी बघितलेलं नाही. कण आत असला तर या चुंबकाजवळ तो वळणारच. तो काही माझी परवानगी घ्यायला थांबणार नाही."

आधी डोळ्याचा एक्सरे काढला. कण होता. खसखशीच्या दाण्याएवढा, बुबुळाच्या मागच्या बाजूला, तीस वर्षं गुपचूप बसलेला. एमआरआय रद्द झाला. त्या तंत्रज्ञाचा चेहरा उतरला होता. त्याने मास्तरांना पलीकडच्या खोलीत नेलं आणि काचेतून ते यंत्र दाखवलं. मास्तर काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांनी विचारलं, वेटोळं किती थंड ठेवता, वीज गेली तर काय होतं, हे चुंबक कधी बंद करता का? कधीच नाही, तो म्हणाला, रात्रंदिवस चालू असतं. मास्तरांनी मान हलवली. परत येताना रिक्षात ते एकदाच म्हणाले, "एवढ्या जवळ जाऊन," आणि वाक्य सोडून दिलं. त्यांनी अर्धं सोडलेलं मी ऐकलेलं ते एकच वाक्य.

एमआरआयऐवजी सीटी स्कॅन केला, त्यात निदान झालं. कानाच्या नसेवर लहान बोराएवढी गाठ होती, पण साधी. पुण्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, उजवा कान गेला. घुमघूम मात्र राहिली. ती सेकंदाला किती कंपनांची आहे हे त्यांनी मोबाईलवर सूर वाजवून वाजवून, डाव्या कानाने जुळवत मोजलं. ब्याण्णव. शंभर नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. एका कानाने आवाज कुठून येतो ते कळत नाही, म्हणून कोणी हाक मारली की ते भलतीकडे बघायचे. थोड्याच दिवसांत कारखान्यात अशी पद्धत पडली की मास्तरांना हाक मारायची तर आधी हात वर करायचा. कोणी ठरवून दिली नव्हती.

त्यांची निवृत्ती आठ महिन्यांवर आली होती. साहेबांनी विचारलं, तुमच्या जागी कोण? मास्तरांनी लताबाईंचं नाव सांगितलं. साहेब हसले, मग त्यांच्या लक्षात आलं की हे गंमत करत नाहीत. बाई दहावी झालेल्या, टेस्टिंग म्हणजे हजारो व्होल्टचं काम. मी तिथेच होते. मास्तर म्हणाले, "मीटर वाचायला मी आठ महिन्यांत शिकवतो. पण मी चुकलो होतो तेव्हा दोन दिवस त्या माझ्यापुढून हलल्या नाहीत. ते मला शिकवता येणार नाही, आणि टेस्टरला तेच लागतं." साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, माझी सही त्यांच्या सहीनंतर चालेल मला.

आठ महिने ते दोघे जाळीशेजारी बसले. लताबाई घरी जाऊन मुलीच्या वहीत सगळं उतरवून काढत. चुकल्या की मास्तर ओरडत नसत, फक्त परत पहिल्यापासून करायला लावत. लताबाईंनी काठी वापरायला साफ नकार दिला. मीटरवर दिसंल तेच मी लिहिनार, त्या म्हणाल्या, आणि मास्तरांनी ते मान्य केलं.

निरोपाचा दिवस आला. टेस्टिंगमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या, समोसे आणले होते, मास्तरांच्या गळ्यात झेंडूचा हार होता. काकू केडगावच्या घरून नवी साडी नेसून आल्या होत्या. साहेबांची कल्पना अशी होती की सकाळी मास्तरांनी टेस्ट केलेल्या ट्रान्सफॉर्मरच्या रिपोर्टवर सगळ्यांसमोर सही व्हावी, मग भाषणं. मास्तरांनी पेन घेतलं आणि लताबाईंच्या हातात दिलं. टाळ्या पडल्या.

लताबाईंनी रिपोर्ट वाचला. पेन तसंच हातात. मग म्हणाल्या, "ही टेस्ट मी केलेली न्हाई."

साहेब समजुतीने म्हणाले की अहो, सकाळी मास्तरांनी स्वतः केलीय, आता नुसती सही करायचीय.

"मास्तरांनी केली तर मास्तरांची सही. माझी सही म्हंजी टेस्ट मी करनार."

लताबाईंनी पदर खोचला, सगळ्यांना चार पावलं मागे सरकायला सांगितलं, तारा स्वतः जोडल्या, प्रत्येक जोड ओढून बघितला आणि पॅनेलपाशी जाऊन पहिला आकडा लिहायला सुरुवात केली. पूर्ण टेस्टला पाऊण तास लागतो. समोसे गार व्हायला लागले. काकूंनी एक ताट झाकून ठेवलं. मास्तर हार घालून स्टुलावर बसले होते, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर.

वीसेक मिनिटांनी साहेबांना वाटलं, तोवर आपण भाषण उरकून घ्यावं. ते उठले, घसा साफ केला, कागद काढला. मास्तरांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "थोडं बसा साहेब. त्यांचं काम चालू आहे."